चिठ्ठीतून निघालेली मोटर



मोटर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर विहिरीवरची मोटर येते. पाच एचपीची, ऐन पाण्याच्या पाळीत जळणारी. आज आम्ही ज्या मोटरीबद्दल बोलणार आहोत ती अंगठ्याएवढी आहे. पोरांच्या खेळण्यातल्या गाडीत असते, तीच. पण या एवढ्याशा मोटरीवरून आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत दोन तास वाद झाला. तो का झाला आणि पुढे काय ठरलं, ते सांगायचं आहे. तुमच्या गावात असं काही करायचं झालं तर उपयोगी पडेल.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीच्या मुलांसाठी स्लॉट कारची शर्यत घेतली. स्लॉट म्हणजे खाच. फळीवर वळणावळणाची एक बारीक खाच पाडलेली असते. गाडीच्या नाकाखाली एक खुंटी असते, ती त्या खाचेत बसते आणि गाडी खाचेच्या मागे मागे जाते. खाचेच्या दोन्ही बाजूंना तांब्याची पट्टी चिकटवलेली असते. एका पट्टीतून वीज येते, दुसरीतून परत जाते. गाडीच्या खुंटीजवळ तांब्याच्या तारांच्या दोन छोट्या वेण्या असतात, त्या पट्टीला घासत जातात आणि मोटर फिरते. स्टिअरिंग नाही, ब्रेक नाही. मुलाच्या हातात फक्त वीज कमीजास्त करायचं साधन. वळणावर वेग जास्त झाला की गाडी खाचेतून उडून बाहेर पडते. मग ती उचलून परत ठेवेपर्यंत बाकीचे पुढे निघून जातात. म्हणजे खेळ पळवण्याचा दिसतो, पण सगळी कला कधी सोडायचं यात आहे.

हा खेळ काही आम्ही शोधलेला नाही. इंग्लंडमध्ये फ्रेड फ्रान्सिस नावाचे एक गृहस्थ स्प्रिंगवर चालणाऱ्या पत्र्याच्या गाड्या करायचे. त्यांनी त्याच गाड्यांत विजेची मोटर बसवून 1957 साली ‘स्केलेक्स्ट्रिक’ नावाने हा खेळ बाजारात आणला. तिकडे तेव्हापासून मोठी माणसंसुद्धा तो खेळतात, त्यांचे क्लब आहेत, नियमांची पुस्तकं आहेत. त्या नियमांतला एक नियम आम्हाला फार आवडला. बऱ्याच स्पर्धांत गाडी खेळाडूची असते, पण मोटर आयोजक देतात. मोटरी एका पेटीत असतात, चिठ्ठीने वाटतात आणि शर्यत संपली की परत घेतात.

का, तर एकाच कारखान्यातल्या, एकाच खोक्यातल्या दोन मोटरीसुद्धा सारख्या पळत नाहीत. एकीतलं लोहचुंबक थोडं जोरकस, दुसरीत तारेचा वेढा जरा सैल, तिसरीचे ब्रश नीट टेकलेले नसतात. ज्याच्याकडे पैसे आहेत तो वीस मोटरी विकत घेतो, तपासतो, त्यातली सर्वांत पळणारी ठेवतो आणि बाकीच्या टाकून देतो. दुसरा एखादा मोटर उघडून तार बदलतो. मग शर्यत मुलांची राहत नाही, खिशांची होते. आपल्याकडच्या शाळांच्या स्पर्धांतही हे दिसतं. ज्याचा मामा पुण्याला, त्याचं मॉडेल टेबलाच्या मधोमध.

आता वादाचं सांगतो. खर्च साडेसात हजारांच्या आसपास जाईल असा आमचा अंदाज होता. ग्रामसंघाकडे एवढे पैसे खेळावर घालायला नाहीत आणि घालूही नयेत, असं आमच्यापैकी निम्म्या जणींचं म्हणणं होतं. तेवढ्यात तालुक्याच्या गावातल्या एका दुकानदारांनी निरोप पाठवला की पाच हजार मी देतो. त्यांच्या दोन अटी होत्या. एक, दुकानाचा फलक लावायचा. त्याला कोणाचीच हरकत नव्हती. दुसरी अट अशी, की त्यांचा पुतण्या गाडी मोटरीसकट घेऊन येणार. मोटर शहरातून खास आणलेली.

बैठकीत बऱ्याच जणी म्हणाल्या, घेऊ या. एका पोरानं काय बिघडतं? पंधरा पोरं आपापसात खेळतील, तो पहिला येईल, पाच हजार तर सुटतील. हे म्हणणं काही वेडेपणाचं नव्हतं. पाच हजारांत आमच्या एका गटाची दोन-तीन महिन्यांची बचत भरून निघते. कोषाध्यक्ष ताईंनी तर आकडेच मांडले.

त्यावर आमच्या सगळ्यांत जुन्या गटातल्या एक मावशी बोलल्या. त्या बैठकीत फारशा बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, “आपल्या गटात सरपंचबाईंचे बी महिन्याला शंभर आन् माझे बी शंभर. त्यांना पाचशे भरायला कुणी हात धरलाय का? पण आपण घेत न्हाई. का घेत न्हाई ते म्हाईत असंल तर ही मोटर कशी घ्यायची?”

मग पुन्हा अर्धा तास बोलणं झालं. सगळ्यांना पटलं असं म्हणणार नाही. पण हात वर करायला सांगितल्यावर सव्वीसपैकी सतरा हात ‘मोटर गटाचीच’ या बाजूने आले. दुकानदारांना कळवलं की फलक लावतो, पुतण्याला जरूर पाठवा, मोटर मात्र चिठ्ठीत निघेल ती. त्यांनी पैसे दिले नाहीत. त्याबद्दल आमचा राग नाही, पैसे त्यांचे होते. आम्ही शर्यतीच्या दिवशी चहा, भजी आणि कोकम सरबताचा स्टॉल लावायचं ठरवलं, प्रत्येक गटाने दोनशे रुपये काढले आणि कामाला लागलो.

आधी ट्रॅक. आठ बाय चार फुटांचे एमडीएफचे दोन तक्ते घेतले, लांबीला लांबी जोडली. गावातल्या सुतारदादांनी राउटर मशीनने चार खाचा पाडल्या, तीन मिलीमीटर रुंद आणि सात मिलीमीटर खोल. म्हणजे चार लेन. दोन लेनमध्ये चार इंचाचं अंतर. आकार साधा लांबोळका, दोन सरळ बाजू आणि दोन टोकांना वळणं.

इथे एक गोम आहे. चार इंच अंतर असलं तर बाहेरची लेन तिच्या आतल्या लेनपेक्षा एका फेरीत साधारण पंचवीस इंच लांब होते. चौथी लेन पहिलीपेक्षा सहा फुटांहून जास्त लांब! मैदानावर चारशे मीटर पळताना बाहेरच्या मुलीला पुढे उभं करतात, ते याच्यासाठीच. बरं, आतली लेन आखूड म्हणून सोपी, असंही नाही. तिचं वळण तंग असतं, गाडी पटकन उडते. त्यामुळे कुठली लेन चांगली यावर वाद घालत बसण्यात अर्थ नाही. प्रत्येक मुलाने चारही लेनवर सारखाच वेळ गाडी चालवायची आणि चारही लेनच्या फेऱ्यांची बेरीज करायची. जगभर हीच पद्धत आहे आणि तीच बरोबर आहे.

विजेचं काम आमच्या गावातल्या वायरमनभाऊंनी केलं. घरातली लाइट ट्रॅकला जोडायची नाही, हे पहिलं. आम्ही बॅटरीवरच्या फवारणी पंपाची 12 व्होल्टची बॅटरी वापरली. ती प्रत्येक वाडीत दोन-चार घरी असतेच आणि लाइट गेली तरी शर्यत थांबत नाही. या छोट्या मोटरींना 12 व्होल्ट झेपत नाहीत. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ‘बक कन्व्हर्टर’ नावाची काड्यापेटीएवढी पट्टी मिळते, तिचा स्क्रू फिरवला की हवे तेवढेच व्होल्ट पुढे जातात. आम्ही 6 व्होल्ट ठेवले. चार लेनला चार पट्ट्या वेगळ्या लावा. एकाच पट्टीवर चारही लेन घेतल्या तर एका गाडीने जोर मारला की बाकीच्या मंदावतात. आणि मीटर लावून चारही लेनवर व्होल्ट सारखे आहेत ना, ते सगळ्यांसमोर दाखवा.

तांब्याची पट्टी पातळ असते. एकाच जागी वायर जोडली तर लांबच्या टोकाला वीज कमी पोचते. डीपीजवळच्या विहिरीवर मोटर जोरात आणि शेवटच्या शेतात नुसती गुरगुरते, तसंच. म्हणून प्रत्येक लेनला तीन ठिकाणी वायर जोडली. प्रत्येक लेनला फ्यूजही घातला. सहा व्होल्टचा झटका बसत नाही, पण गाडी उचलताना एखाद्या ताईची पाटली दोन पट्ट्यांना एकदम टेकली तर शॉर्ट होतो आणि वायर तापते. काचेच्या बांगड्यांना भीती नाही. वळणावर उभ्या राहणाऱ्या बायकांनी पाटल्या-बिलवर काढून ठेवायचे असं आम्ही नियमातच लिहिलं, त्यावरून पुरुषमंडळी बरीच हसली.

वेगासाठी परदेशात बंदुकीच्या घोड्यासारखं साधन असतं. ते महाग. आम्ही दारावरच्या घंटीचं बटण लावलं. दाबलं की गाडी पळते, सोडलं की मंदावते. थांबून थांबून दाबायला मुलं अर्ध्या तासात शिकली. आम्हाला दोन दिवस लागले.

आता मोटरी. आम्ही सव्वीस मोटरी एकदम घेतल्या, एकाच दुकानातून, एकाच खोक्यातल्या. लागणार होत्या सोळाच. प्रत्येकीवर मार्करने नंबर घातला. आधी प्रत्येक मोटर दहा मिनिटं कमी विजेवर रिकामी फिरवली, म्हणजे आतले ब्रश बसतात. मग तपासणीसाठी एकच गाडी ठरवली. तीच चाकं, तेच दातेरी चक्र, तीच दुसरी लेन. फक्त मोटर बदलायची आणि दहा फेऱ्यांची वेळ मोबाइलवर मोजायची.

पण चालवणारीच्या हाताचा फरक पडू नये म्हणून काय करायचं? आम्ही व्होल्ट इतके कमी केले की बटण पूर्ण दाबून धरलं तरी गाडी वळणावर उडत नाही. मग कोणीही बटण दाबा, वेळ मोटरीचीच येते. वहीत सव्वीस आकडे आले. सगळ्यांत वेगवान मोटरीने दहा फेऱ्या 61 सेकंदांत केल्या, सगळ्यांत मंद मोटरीला 78 सेकंद लागले. एका खोक्यातल्या मोटरी बरं का! हा सतरा सेकंदांचा फरक बघितल्यावर बैठकीत विरोधात हात केलेल्या दोघी-तिघी गप्प झाल्या. आम्ही 66 ते 70 सेकंदांतल्या अठरा मोटरी ठेवल्या. सोळा मुलांना आणि दोन राखीव. वेगवान मोटरीही बाजूला काढल्या, ही गोष्ट मुद्दाम सांगतो. मंद काढून टाकायला कोणाची हरकत नसते, वेगवान काढताना हात अडतो.

मोटर कोणी उघडू नये म्हणून मागच्या बाजूला पत्र्याचे जे दोन कान दुमडलेले असतात त्यांच्यावर नेलपॉलिशचा ठिपका दिला. कान हलवला की ठिपका तडकतो. लाल रंग कोणाकडेही मिळाला असता, म्हणून आम्ही तीन रंग एकावर एक दिले.

मुलांना आठ दिवस आधी चाकं, दातेरी चक्र, खुंटी आणि वायर दिली. चाकांना सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या लावल्या की पकड येते. गाडीचं अंग मात्र ज्याचं त्याने करायचं. बिस्किटाच्या पुठ्ठ्याच्या गाड्या जास्त होत्या. एका मुलीने करवंटीचा टँकर केला होता, तो दिसायला सुंदर पण वळणावर कलंडायचा. वजनाला खालची मर्यादा ठेवली, 120 ग्रॅम. किराणा दुकानातला काटा आणून प्रत्येक गाडी तोलली. कमी भरली तर पोटाला माती चिकटवायची.

शर्यतीच्या सकाळी तांब्यात चिठ्ठ्या टाकल्या, बालवाडीतल्या एका पोरीने काढल्या. ज्या नंबरची चिठ्ठी त्या नंबरची मोटर. तिथेच सगळ्यांसमोर गाडीत बसवायची आणि गाडी टेबलावर ठेवायची. त्यानंतर गाडी घरी न्यायची नाही, शर्यतीची पाळी आली की टेबलावरून उचलायची.

आमच्या भागात शर्यत म्हणजे बैलगाड्यांची. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, 2021 च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी मिळाली आणि घाट परत गजबजले. पण त्या घाटावर बाया जात नाहीत, मुली तर नाहीच. म्हणून की काय, शाळेच्या व्हरांड्यात या शर्यतीला आया, आज्या, लेकी अशी गर्दी झाली. सोळा स्पर्धकांत नऊ मुली होत्या.

चार-चार मुलांच्या चार तुकड्या केल्या. प्रत्येक लेनवर दोन मिनिटं, मग लेन बदलायची. बदलताना दोन मिनिटांची विश्रांती, ती मुलांसाठी कमी आणि मोटरींसाठी जास्त. तापलेली मोटर मंदावते. एका तुकडीला पंधरा-सोळा मिनिटं लागली. जी तुकडी खेळून झाली तिने पुढच्या तुकडीच्या वेळी वळणावर उभं राहून पडलेल्या गाड्या उचलायच्या. हीसुद्धा परदेशातल्या क्लबांचीच रीत. आपण उचललेली गाडी आपल्याच स्पर्धकाची असते, त्यामुळे कोण किती चटकन उचलतो याकडे आमच्या दोन ताई डोळे लावून होत्या.

फेऱ्या मोजायला मशीन नव्हतं. प्रत्येक लेनला दोन बायका. एक गाडी रेषेवरून गेली की चिंचोका एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायची, दुसरी पाटीवर रेघ मारायची. दोघींचा आकडा जुळला तरच धरायचा. दोन मिनिटांत वीस-बावीस फेऱ्या होतात, चुकायला वेळ लागत नाही. एकदाच फरक आला, तेव्हा लहान आकडा धरला. हे आधीच जाहीर केलेलं होतं.

मोटर बंद पडली तर काय, हेही आधी लिहून लावा. आमचा नियम असा होता: लेनच्या पहिल्या दहा सेकंदांत बंद पडली तर सगळ्यांची ती लेन पुन्हा. त्यानंतर पडली तर राखीव मोटर मिळेल, पण गेलेला वेळ परत नाही. एकच मोटर बंद पडली, तिची वायर सुटली होती.

अंतिम फेरीत चारजण आले आणि सातवीतली एक मुलगी 86 फेऱ्या करून पहिली आली. तिची गाडी सरळ बाजूला कधीच सर्वांत पुढे नव्हती. ती वळणाच्या हातभर आधी बटण सोडायची आणि आठ मिनिटांत तिची गाडी एकदाच पडली. दुसऱ्या आलेल्या मुलाची सहा वेळा पडली. दुकानदारांचा पुतण्याही आला होता. चिठ्ठीतली मोटर घेऊन खेळला, सहावा आला, आणि संध्याकाळपर्यंत ट्रॅक सोडेना.

बक्षीस वाटायच्या वेळी एक वडील उभे राहिले. आमच्या पोराला मंद मोटर दिली, म्हणून तो पहिल्याच फेरीत गेला, असं त्यांचं म्हणणं. आवाज चढलेला होता. आमच्या कोषाध्यक्ष ताईंनी काहीही न बोलता वही उघडली. त्या मुलाची मोटर नंबर 11, तपासणीत 67 सेकंद. विजेत्या मुलीची नंबर 4, तपासणीत 69. मग दोन्ही मोटरी आधी नेलपॉलिशसकट सगळ्यांना दाखवल्या, त्याच तपासणीच्या गाडीत बसवल्या, व्होल्ट खाली आणले आणि बटण त्या वडिलांच्याच हातात दिलं. 11 नंबरला 68 सेकंद लागले. 4 नंबरला 71. ते थोडा वेळ मोबाइलकडे बघत राहिले. मग पोराला म्हणाले, “तू वळणावर दाबतोस.”

एक गोष्ट राहिली. ज्यांच्याकडे पैसेच नाहीत त्यांच्यासाठी याहून स्वस्त रीत आहे. फक्त चार गाड्या करायच्या, एकेक लेनला एकेक बांधून टाकायची. गाड्या लेन बदलत नाहीत, मुलं बदलतात. प्रत्येकाच्या वाट्याला चारही गाड्या सारखाच वेळ येतात, त्यामुळे मोटरी तपासायचीही गरज नाही. आमच्यातल्या काही जणींना हीच पद्धत पसंत होती. पण त्यात मुलांना स्वतःची गाडी करायला मिळत नाही, म्हणून आम्ही ती सोडली. तुम्ही तुमच्या सोयीने ठरवा.

स्टॉलवर खर्च वजा जाता अठराशे रुपये सुटले. गटांचे दोनशे अजून पूर्ण फिटलेले नाहीत, दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा शर्यत घेणार आहोत तेव्हा बघू. तोपर्यंत ट्रॅक शाळेच्या मागच्या खोलीत भिंतीला उभा आहे. एमडीएफला पाणी लागलं की ते फुगतं, म्हणून पावसाळ्यात तो कोणाला देणार नाही. दसऱ्यानंतर ज्या गटाला हवा असेल त्यांनी प्रभागसंघाच्या बैठकीत आमच्याशी बोलावं. न्यायला छोटा टेम्पो लागतो आणि उचलायला चार बायका. भाडं घेणार नाही, पट्टी उखडली तर तेवढी बसवून द्या. मोटरीही देऊ, वहीसकट. पण तुमच्या शर्यतीआधी त्या तुमच्या हाताने पुन्हा तपासून घ्या, ब्रश झिजले की आकडे बदलतात.